वैनगंगेच्या दोन काठांवरची दारूबंदी

चंद्रपूर जिल्ह्यात १ एप्रिल २०१५ पासून दारूबंदी लागू झाली आणि २७ मे २०२१ ला राज्य मंत्रिमंडळाने ती उठवली. शेजारच्या गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे, ती उठली नाही. पश्चिमेच्या वर्ध्यात गांधीजींच्या नावाने १९७० च्या दशकापासून आहे, तीही कागदावर जशीच्या तशी. म्हणजे सहा वर्षं विदर्भाच्या पूर्व भागात सलग तीन जिल्हे 'कोरडे' होते आणि मग त्यातला मधला पुन्हा ओला झाला. पुण्या-मुंबईकडच्या मित्रांना हे सांगितलं की ते हसतात. "मिळत नव्हती का रे तिकडे?" हा पहिला प्रश्न. मिळत होती. पण या एका उत्तरावर विषय संपतो असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठीच हा लेख लिहितोय.

कारण हा वाद फक्त दारूचा नाही. गांजा असो, गुटखा असो, दारू पिऊन गाडी चालवणं असो, 'सरकारने माणसाच्या पिण्याखाण्यात किती पडावं' हा प्रश्न सगळीकडे एकच आहे. आपण त्याची चर्चा बहुतेक वेळा हवेत करतो. एक जण म्हणतो बंदी हवी, दुसरा म्हणतो बंदी कधीच यशस्वी होत नाही, आणि दोघेही अमेरिकेतल्या १९२० ते १९३३ च्या दारूबंदीचा दाखला देऊन मोकळे होतात. आपल्याकडे एकाच नदीच्या दोन काठांवर एवढा मोठा इतिहास पडलेला असताना शिकागोला जायची काय गरज?

१९८२ पर्यंत हे दोन्ही जिल्हे एकच होते. ऑगस्ट १९८२ मध्ये चांद्याचे दोन भाग झाले. वैनगंगेच्या पूर्वेला गडचिरोली, जवळपास सगळा जंगलाचा मुलूख. पश्चिमेला चंद्रपूर, म्हणजे कोळशाच्या खाणी, औष्णिक वीज केंद्र, बल्लारपूरचा कागद कारखाना, राजुरा-कोरपन्याकडचे सिमेंट कारखाने. गडचिरोलीत हातात रोख पैसा येतो तो मुख्यतः तेंदूपत्ता, मोहफूल आणि धानाच्या हंगामात. चंद्रपुरात तो दर महिन्याच्या पगाराला येतो. दारूबंदीचं पुढे काय झालं ते समजायला हा फरक लक्षात ठेवावा लागतो.

आता थोडं मागे जाऊ.

मोहाचं झाड हे या मुलखाचं झाड. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे फुलं गळतात, बाया-पोरं टोपल्या घेऊन वेचायला जातात, अंगणात वाळवतात. ती फुलं खातात, विकतात, गुरांना घालतात आणि त्यांची दारूही गाळतात. गोंड, माडिया समाजात जन्मापासून मरणापर्यंतच्या विधींत ती देवाला, पूर्वजांना वाहिली जाते. भामरागडकडे गोरग्याचा रस, सिरोंच्याकडे ताडी-शिंदी. म्हणजे 'दारू' हा शब्द आपण उच्चारतो तेव्हा तो शहरात एका गोष्टीचं नाव असतो आणि इथे दुसऱ्याच.

नागपूरकर भोसल्यांचं राज्य १८५४ मध्ये खालसा झालं आणि चांदा इंग्रजांकडे गेला. १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला. इंग्रजांनी दारू बंद केली नाही, त्यांनी ती मोजायला सुरुवात केली. ज्याच्या घरी गाळली जाते त्याने गाळायची नाही, लिलावात बोली लावून ज्याने हक्क विकत घेतला त्याने गाळायची आणि त्याच्याच दुकानातून इतरांनी घ्यायची, अशी ही व्यवस्था होती. अबकारी म्हणतात ती हीच. मुंबई इलाख्यात तर १८९२ मध्ये खास मोहाच्या फुलांसाठी कायदा झाला आणि ठाणे, कुलाबा भागात फुलं बाळगण्यावरच बंधनं आली. झाडाखाली पडलेलं फूल उचलणं हा गुन्हा होऊ शकतो, ही कल्पना तिथून आपल्या कायद्यात शिरली. मध्य प्रांताचा स्वतःचा अबकारी कायदा १९१५ चा. त्यातही मुख्य चिंता तीच होती, की सरकारी दुकानाबाहेर कुणी गाळू नये.

याचा परिणाम काय झाला बघा. दारू गावाच्या रीतीरिवाजातून उचलली गेली आणि दुकानदाराच्या हातात गेली. सणाला, लग्नाला, मयताला प्यायची गोष्ट वर्षाचे ३६५ दिवस विकत मिळू लागली, आणि ती जास्तीत जास्त खपण्यात दुकानदार आणि सरकार दोघांचाही फायदा होता. म्हणूनच १९२०-२१ च्या असहकारात नागपूर आणि मध्य प्रांतात दारूच्या दुकानांपुढे निदर्शनं झाली, लिलावांवर बहिष्कार पडला. तेव्हाची दारूबंदी ही सरकारविरोधी चळवळ होती हे आज आपण विसरतो. आज दारूबंदी म्हटलं की पोलीस डोळ्यापुढे येतो, तेव्हा पोलीस दुकानाच्या बाजूने उभा असायचा.

त्याच काळात सरकारने एक वेगळंही काम केलं होतं, त्याचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १८९३-९४ मध्ये गांजा, भांग, चरस यांच्या चौकशीसाठी एक आयोग नेमला गेला. सात सदस्य, त्यात तीन भारतीय. देशभर फिरून त्यांनी जवळपास बाराशे जणांच्या साक्षी घेतल्या. मध्य प्रांतातल्या खांडव्याकडे तेव्हा परवान्याने गांजाची शेती होत असे. आयोगाचा निष्कर्ष असा होता की माफक सेवनाने सहसा अपाय होत नाही, अतिसेवनाने होतो, आणि सरसकट बंदी घालू नये, कर आणि परवान्याने आवर घालावा. यात महसुलाचा विचार नव्हता असं कोण म्हणेल? पण निदान विचारलं तरी होतं! याउलट १९८५ मध्ये अमली पदार्थविरोधी कायदा आला तो १९६१ च्या आंतरराष्ट्रीय कराराने भारताला दिलेली मुदत संपत आली म्हणून, आणि अशी देशभर चौकशी वगैरे न होता. त्यात आधी बहुतेक गुन्ह्यांना किमान दहा वर्षांची शिक्षा होती. खिशात पुडी सापडलेला आणि ट्रक भरून नेणारा यांच्यातला फरक कायद्याला नीट कळायला २००१ ची दुरुस्ती यावी लागली. आज गांजाच्या बाबतीत एक किलोपर्यंत 'अल्प' आणि वीस किलोच्या वर 'व्यापारी' प्रमाण मानतात आणि शिक्षा त्याप्रमाणे बदलते. थोडक्यात, कायद्यालाही तर-तमभाव शिकावा लागतो, आणि तो शिकेपर्यंत कुणीतरी तुरुंगात बसलेला असतो.

असो. गडचिरोलीकडे वळू.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८० च्या दशकाच्या मध्याला गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था सुरू केली. बालमृत्यूवरचं त्यांचं काम जगभर गाजलं, पण गावोगाव लोकांना 'तुमचा सर्वांत मोठा त्रास कोणता' असं विचारलं की बाया दारूचं नाव घेत. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून दारूमुक्तीची चळवळ उभी राहिली. तिच्या हाती एक चांगला धागा होता. १९७० च्या दशकाच्या मध्याला केंद्र सरकारने आदिवासी भागांसाठी अबकारी धोरणाची मार्गदर्शक तत्त्वं ठरवली होती. त्यांत आदिवासी भागातली दारूची व्यापारी विक्री थांबवावी आणि आदिवासींना त्यांच्या परंपरेप्रमाणे स्वतःपुरती गाळण्याची मुभा असावी असं म्हटलं होतं. म्हणजे इंग्रजांनी जे उलटं करून ठेवलं होतं ते सुलटं करायचा हा प्रयत्न होता. कागदावर होता, दुकानं मात्र चालूच होती. चळवळीने सरकारला तुमच्याच धोरणाप्रमाणे वागा असं सांगितलं. १९९३ मध्ये गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी झाली.

मला या गोष्टीतला महत्त्वाचा भाग वाटतो तो त्याच्या आधीचा. याच जिल्ह्यात धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) नावाचं गोंड वस्तीचं छोटं गाव आहे. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यामुळे महाराष्ट्रभर पोचली. या गावात बहुमताने निर्णय होत नाही, सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बोलत राहायचं अशी पद्धत आहे. २००९ मध्ये या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, देशातल्या अगदी पहिल्या गावांपैकी हे एक. पण जंगल हातात येण्याच्या कितीतरी आधी गावाने जे प्रश्न बोलून सोडवले त्यात दारू होती. एकमताने घेतलेल्या निर्णयाची एक गंमत असते. तो मोडणारा माणूस कुणा सरकारला फसवत नसतो, काल शेजारी बसून 'हो' म्हटलेल्या माणसाला फसवत असतो.

पुढे १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रांमध्ये हेच तत्त्व कायद्यात आणलं. मादक पदार्थांवर बंदी घालणं किंवा त्यांची विक्री आणि सेवन यांचं नियमन करणं, हा अधिकार ग्रामसभेच्या आणि पंचायतीच्या पातळीवर यावा असं त्यात आहे. 'बंदी' आणि 'नियमन' हे दोन्ही शब्द तिथे आहेत हे लक्षात घ्या. देवाला वाहायची वाटी आणि चौकात विकायची बाटली यांच्यात फरक करायचा तर तो गावच करू शकतं, कारण कुणाच्या घरी काय कार्य आहे हे गावाला माहीत असतं. मंत्रालयाला हा फरक करता येत नाही. महाराष्ट्रात पेसाचे नियम मात्र २०१४ मध्ये आले, म्हणजे कायद्यानंतर अठरा वर्षांनी. सरकारला कुठल्या गोष्टीची घाई असते आणि कुठल्या नाही, ते यातून कळतं.

गडचिरोलीत दारू मिळत नाही का? मिळते. छत्तीसगडमधून येते, तेलंगणातून येते, जंगलात गाळली जाते. पण परवान्याची दुकानं नाहीत, बार नाहीत, पाट्या नाहीत. गावात कुणी विकायला लागलं तर बाया त्याला 'हे बेकायदा आहे' असं सांगू शकतात. २०१६ पासून सर्च, राज्य सरकार आणि टाटा ट्रस्ट्स यांनी मिळून 'मुक्तिपथ' हे काम सुरू केलं. त्याचा गाभाही हाच, की गावाने ठरवायचं, गावाच्या संघटनेने लक्ष ठेवायचं आणि पोलिसांनी मागे उभं राहायचं. त्यात तंबाखूही आली, कारण खर्रा हे आमच्या भागाचं खरं व्यसन आहे. राज्यात २०१२ पासून गुटख्याला बंदी असूनही पानठेल्यांवर काय चालतं हे विदर्भातल्या कुणालाही सांगायला नको.

आता नदी ओलांडू.

चंद्रपूरच्या चळवळीला चेहरा होता तो श्रमिक एल्गार आणि पारोमिता गोस्वामी यांचा. डिसेंबर २०१० मध्ये हजारो बाया चिमूरहून पायी नागपूरला, हिवाळी अधिवेशनावर गेल्या. चिमूर हे नाव १९४२ च्या क्रांतीमुळे आणि तुकडोजी महाराजांमुळे महाराष्ट्राला माहीत आहे. गावोगावच्या गुरुदेव सेवा मंडळांमुळे व्यसनमुक्तीची भाषा या भागाला नवी नव्हती. नवी गोष्ट अशी की यावेळी बाया मंडळात बसून भजन ऐकत नव्हत्या, विधानभवनाकडे चालत निघाल्या होत्या. जिल्ह्यातल्या ५८८ ग्रामपंचायतींनी बंदीचे ठराव केले. पालकमंत्री संजय देवतळे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, तिनेही बंदीची शिफारस केली. तरी निर्णय होत नव्हता. २०१४ मध्ये सरकार बदललं, सुधीर मुनगंटीवार अर्थमंत्री आणि पालकमंत्री झाले आणि २० जानेवारी २०१५ ला मंत्रिमंडळाने निर्णय घेतला. ज्या खात्याला दारूचा महसूल हवा असतो त्याच खात्याचा मंत्री बंदी आणतो, हे विरळाच!

पुढची सहा वर्षं आम्ही सगळ्यांनी पाहिली आहेत. वर्धा नदीच्या पलीकडे वणी, म्हणजे यवतमाळ जिल्हा, तिथे दुकानं उघडी. उत्तरेला उमरेड-भिवापूर, म्हणजे नागपूर जिल्हा, तिथेही उघडी. दक्षिणेला तेलंगणा. खाणीतल्या, कारखान्यातल्या कामगारांच्या हाती दर महिन्याला पैसा. एवढी मागणी आणि एवढ्या वाटा असल्यावर धंदा उभा राहणारच. बाटली दुप्पट-तिप्पट किमतीला जाऊ लागली. दुधाच्या गाड्या, भाजीच्या गाड्या, शाळेची दप्तरं, कशातून काय येत होतं ते स्थानिक वर्तमानपत्रांत रोज छापून यायचं. ६ नोव्हेंबर २०१८ ला नागभीडचे पोलीस उपनिरीक्षक छत्रपती चिडे हे दारूची गाडी अडवताना त्याच गाडीखाली चिरडले गेले. बंदी हवी असं म्हणणाऱ्या प्रत्येकाने (माझ्यासकट) ही तारीख विसरू नये.

मग २०२० मध्ये उलट वारं सुरू झालं. नवे पालकमंत्री विजय वडेट्टीवार यांनी बंदीच्या समीक्षेचा विषय काढला. अडीच लाखांहून अधिक निवेदनं जमा झाली आणि त्यातली बहुसंख्य बंदी उठवा असं म्हणणारी होती. जानेवारी २०२१ मध्ये माजी सनदी अधिकारी रमानाथ झा यांची समिती नेमली, मार्चमध्ये अहवाल आला आणि मे महिन्यात, करोनाच्या दुसऱ्या लाटेची धग अजून असताना, बंदी उठली. सरकारने तेव्हा जे आकडे दिले ते असे: बंदीआधीच्या २०१०-१४ या काळात १६,१३२ गुन्हे, बंदीच्या २०१५-१९ या काळात ४०,३८१. गुन्ह्यांत सापडलेल्या स्त्रिया आधी १,७२९, नंतर ४,०४२. शिवाय ३२२ मुलं. आणि महसुलाचं नुकसान अबकारीचं १,६०६ कोटी, विक्रीकराचं ९६४ कोटी.

हे आकडे जरा शांतपणे वाचायला हवेत.

पहिला आकडा. जी गोष्ट काल कायदेशीर होती ती आज बेकायदा केली तर गुन्हे वाढणारच. गुन्ह्यांची संख्या पोलिसांनी किती जणांना पकडलं ते सांगते, लोक किती पितात ते सांगत नाही. पोलीस झोपले असते तर आकडा कमी दिसला असता आणि बंदी 'यशस्वी' ठरली असती! उलट सर्चने केलेल्या पाहणीत बंदीनंतर पिणाऱ्या पुरुषांचं प्रमाण घटल्याचं दिसलं होतं. म्हणजे दोन्ही बाजूंकडे आकडे होते, पण ते वेगवेगळ्या गोष्टींचे होते. एका बाजूने पकडलेले मोजले, दुसऱ्या बाजूने पिणारे मोजले. यावर वाद कितीही वर्षं चालू शकतो.

दुसरा आकडा मला जास्त त्रास देतो. ४,०४२ स्त्रिया. ज्या बायांनी बंदी आणली त्यांच्याच गावातल्या, त्यांच्यासारख्याच बाया बाटल्या नेताना पकडल्या गेल्या. पोटासाठी नेल्या, किंवा बाईची झडती घ्यायला पोलीस कचरतात म्हणून कुणी त्यांना पुढे केलं. कायदा जेव्हा मोठ्या विक्रेत्यापर्यंत पोचत नाही तेव्हा तो सर्वांत हलक्या माणसाच्या डोक्यावर पडतो. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात जे झालं तेच इथे झालं. हा बंदीवरचा सर्वांत गंभीर आक्षेप आहे आणि बंदीच्या समर्थकांनी त्याचं उत्तर द्यायलाच हवं.

आणि तिसरा आकडा, महसूल. अडीच हजार कोटी बुडाले म्हणतात. सरकारच्या तिजोरीत ते कुठून यायचे होते? त्याच जिल्ह्यातल्या पगारातून, मजुरीतून, धानाच्या पैशातून. त्यातला काही भाग चोरट्या धंद्यात गेला हे खरं, पण काही भाग घरात राहिला असणार हेही खरं. तो किती, हे झा समितीच्या ताळेबंदात कुठल्या रकान्यात मांडणार?

बंदीविरोधी मंडळी नेहमी एक मुद्दा मांडतात आणि तो हलका नाही. ते म्हणतात, माणसाचं पिणं हा गुन्हा नाही, पिऊन दुसऱ्याला इजा करणं हा गुन्हा आहे. त्याला शिक्षा करा, पिण्याला नको. पिऊन गाडी चालवण्याचा कायदा याच तत्त्वावर उभा आहे. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात ताबा सुटण्याइतकी प्यायलेला चालक अशी ढोबळ भाषा होती, ती सिद्ध करायची कशी? १९३६ मध्ये नॉर्वेने रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा आकड्यात ठरवली, हळूहळू जग त्या वाटेने गेलं. आपल्या १९८८ च्या कायद्याच्या कलम १८५ प्रमाणे १०० मिलिलीटर रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल असेल तर गुन्हा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. कायदा स्पष्ट आहे आणि तो घरात डोकावत नाही, फक्त रस्त्यावर फुंकायला सांगतो.

मलाही हा कायदा आवडतो. पण तोही आपोआप चालत नाही. २०१६ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने महामार्गापासून ५०० मीटरच्या आत दारूची दुकानं नकोत असा निकाल दिला. मग काय झालं? आपल्याकडे जळगाव, लातूर, यवतमाळसारख्या शहरांतून जाणारे रस्तेच राज्य महामार्गाच्या यादीतून काढून नगरपालिका-महापालिकांकडे देण्याची हालचाल झाली. दुकान हलवण्यापेक्षा महामार्ग हलवणं सोपं! पुढे न्यायालयानेच शहरी हद्दीसाठी नियम सैल केला. आणि मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला भरधाव मोटारीखाली दोन तरुण अभियंते मेले, तेव्हा चालवणाऱ्या मुलाच्या रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली. ३० मिलिग्रॅमचा आकडा कितीही शास्त्रशुद्ध असो, सुई टोचणारा हात माणसाचाच असतो. 'इजा केली तर शिक्षा' हे तत्त्वही तेवढंच पोकळ ठरू शकतं जेवढी कागदावरची बंदी.

शिवाय रस्त्यावरची इजा दिसते, तिचा पंचनामा होतो. घरातली इजा? पगाराच्या दिवशी रात्री दहा वाजता कुठल्या घरात काय होतं, तिथे फुंकायचं यंत्र घेऊन कोण उभं राहणार? चिमूरच्या बाया नागपूरला निघाल्या त्या याच कारणाने. ज्या इजेला साक्षीदार नसतो तिच्यासाठी शिक्षा उपयोगाची नाही, दुकान लांब जाणं उपयोगाचं आहे, असं त्यांचं साधं म्हणणं होतं. हे म्हणणं मला अजूनही खोडून काढता आलेलं नाही.

मग मार्ग काय? महाराष्ट्रात एक मधला मार्ग कायद्यातच आहे, 'उभी बाटली, आडवी बाटली'. गावातल्या किंवा वॉर्डातल्या २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केली तर मतदान घ्यायचं आणि निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर दुकान बंद. ऐकायला छान. पण ही निम्म्याहून अधिक मतं झालेल्या मतदानातली नाहीत, यादीतल्या एकूण महिला मतदारांची हवीत. म्हणजे जी बाई मजुरीला परगावी गेली, जी आजारी आहे, जिला नवऱ्याने घरातून निघू दिलं नाही, जी मरून दोन वर्षं झाली पण नाव यादीत आहे, त्या सगळ्या दुकानाच्या बाजूने धरल्या जातात! या कसोटीवर आपले आमदार-खासदार लावून बघा, किती निवडून येतील?

तेव्हा माझ्यापुरता निष्कर्ष असा. गडचिरोलीची बंदी तीस वर्षांहून अधिक टिकली आणि चंद्रपूरची सहा वर्षांत गेली, त्याचं एक कारण भूगोल आणि खाणींचा पगार हे आहेच. पण दुसरं कारण राखणीचं आहे. गडचिरोलीत कायद्याच्या आधी आणि नंतर गाव राखण करत राहिलं. २०२०-२१ मध्ये तिथलीही बंदी उठवण्याची चर्चा निघाली, तेव्हा गावागावांतून बंदी राहू द्या असे ठराव आले. चंद्रपुरात चळवळीने बंदी मिळवली आणि मिळाल्यावर ती सांभाळायला पोलिसांकडे दिली. ५८८ गावांचा ठराव एका अधिसूचनेत गेला आणि नंतर दुसऱ्या अधिसूचनेने तो पुसला. आणताना गावांना विचारलं होतं. उठवताना निवेदनं मोजली, पण त्या ५८८ ग्रामपंचायतींना 'तुमचा ठराव अजून कायम आहे का' असं एकेकीला विचारावं हे कुणाला सुचलं नाही. शंभर-दोनशे गावं हो म्हणाली असती, बाकीची नाही म्हणाली असती, तरी चाललं असतं. ज्यांना हवी त्यांची बंदी राहिली असती, चंद्रपूर-बल्लारपूरसारख्या शहरांचा वेगळा विचार झाला असता, आणि नागभीडसारख्या रस्त्यांवर एवढी गस्तही लागली नसती.

१८९३ च्या आयोगाने बाराशे लोकांना विचारलं. मेंढ्याच्या लोकांनी शेवटचा माणूस 'हो' म्हणेपर्यंत एकमेकांना विचारलं. आपल्या लोकशाहीला या दोन्हींमधलं काहीच जमू नये?

जुलै २०२१ मध्ये चंद्रपूरची दुकानं पुन्हा उघडली. वैनगंगेच्या पश्चिम काठावर आता पुन्हा बाटली कायदेशीर आहे, पूर्व काठावर बेकायदा, आणि मधल्या पुलावरून दोन्ही काठांची माणसं रोज येतात-जातात. संध्याकाळी पूर्वेकडे परतणाऱ्या मोटारसायकलींतल्या किती जणांच्या रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर निघेल हे तपासायचं ठरवलं, तर बंदी हवी म्हणणारे आणि नको म्हणणारे दोघंही एका नाक्यावर उभे राहू शकतील. निदान तिथून तरी सुरुवात करायला कुणाची हरकत नसावी.